नवव्या चौकोनातली चूक

"मॅडम, परत तेच येतंय," साक्षी म्हणाली.

ती तिसऱ्यांदा स्टाफरूमच्या दारात उभी होती. हातात मोबाईल, काखेत वही. आधी दोन वेळा मी तिला परत पाठवलं होतं. "प्रोग्रॅम नीट तपास. कुठेतरी अधिकचं उणं झालं असेल," एवढंच सांगून. त्या दिवशीही मी पेपर तपासत होते. मान वर न करता म्हटलं, "अगं, तो निकाल वीस वर्षांपूर्वी छापून आलाय. चुकत असशील तर तूच."

"तसंच असेल, मॅडम," ती म्हणाली आणि गेली.

मी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात गणित शिकवते. साक्षी टी. वाय. बी.एस्सी.ला होती, पूर्णगडहून रोज एस.टी.ने यायची. वर्गात फार बोलायची नाही, पण तिच्या वहीत माझ्या फळ्यावरच्या उदाहरणांपेक्षा जास्त उदाहरणं असायची. म्हणून मी तिला प्रोजेक्टला माझाच विषय दिला होता. माझ्या पीएच.डी.तला मुख्य निकाल घ्यायचा आणि त्यातल्या आकृत्या कॉम्प्युटरकडून काढून घ्यायच्या. सोपं काम होतं. निदान मला तसं वाटलं होतं.

हा विषय काय आहे ते सांगते, अवघड नाही. काही बिंदू घ्यायचे, त्यांतले काही रेषांनी जोडायचे. याला आम्ही ग्राफ म्हणतो. आता प्रत्येक बिंदूला एक आकडा द्यायचा. जितक्या रेषा असतील, शून्यापासून तिथपर्यंतचेच आकडे वापरायचे आणि एक आकडा दोनदा द्यायचा नाही. मग प्रत्येक रेषेवर तिच्या दोन टोकांच्या आकड्यांमधला फरक लिहायचा. हे फरकही सगळे वेगळे आले पाहिजेत. एका ओळीत चार बिंदू असतील तर शून्य, तीन, एक, दोन असे आकडे द्या. फरक येतात तीन, दोन, एक. जमलं. आकृती जरा मोठी झाली की मात्र भल्याभल्यांना जमत नाही.

माझी आकृती म्हणजे चौकोनांची माळ होती. कोपऱ्याला कोपरा लावून चौकोन जोडत जायचे आणि प्रत्येक जोडाला खाली एक शेपूट लावायचं, म्हणजे एक रेष आणि तिच्या टोकाला एक बिंदू. माळ कितीही लांब असली तरी आकडे देता येतात, असं मी सिद्ध केलं होतं, सूत्रासकट.

मी मूळची देवरूखजवळच्या एका खेड्यातली. शाळेत असताना माझा गणितात पहिला नंबर वगैरे नसायचा. पण एखादं गणित सुटलं की ते दुसऱ्या रीतीने सुटतं का, हे बघत बसायची मला खोड होती. आई म्हणायची, "सुटलं ना एकदा? मग आता भांडी घास." लग्नानंतर रत्नागिरीला आले, नोकरी लागली, मुलगी झाली आणि मग पीएच.डी.ला नाव घातलं. गाईड कोल्हापूरला. दर पंधरा दिवसांनी आंबा घाटातून एस.टी.चा प्रवास. घाटातल्या वळणांवर लिहिता येत नाही, म्हणून आकृत्या डोक्यातच हलवायची सवय लागली. कोणी विचारलं की एवढं काय आहे त्यात, तर मला नीट सांगता यायचं नाही. अजूनही येत नाही. सूत्र जुळलं त्या दिवशी मी साखरप्याला चहा प्यायला उतरले होते आणि गाडी चुकवली होती, एवढं आठवतं.

तर, साक्षी त्यानंतर आली नाही. आठवडाभराने आमच्याच विभागातल्या स्टॅटिस्टिक्सच्या मॅडम म्हणाल्या, "तुमची साक्षी माझ्याकडे आली होती. प्रोजेक्ट बदलून हवाय म्हणे. मला झेपत नाही म्हणाली."

मला जरा राग आला, जरा वाईट वाटलं. त्या दिवशी ती टेबलावर सोडून गेलेली वही माझ्या कपाटात होती. ती परत करायची म्हणून काढली आणि सहज उघडली.

नऊ चौकोनांची माळ तिने हाताने काढली होती. सगळे आकडे माझ्याच सूत्राने भरले होते. मधल्या भागात दोन बिंदूंभोवती पेन्सिलीने गोल केला होता. दोन्हीवर बावीस.

मी हसले. म्हटलं, बघू या कुठे चुकली ते. कागद घेतला, सूत्र लावलं. बावीस आणि बावीस. पुन्हा केलं. डावीकडून वाढत येणारे आकडे आणि उजवीकडून उतरत येणारे आकडे नववा चौकोन जोडला की मध्यावर एकमेकांवर येत होते. दोन बिंदूंना एकच आकडा म्हणजे सगळंच मुसळ केरात.

मग मी माझा प्रबंध काढला. चौकोनांची संख्या सम असेल तर काय, याची सिद्धता तीन पानं होती, व्यवस्थित. विषम असेल तर एकच ओळ होती: 'विषम संख्येसाठीही याच प्रकारे सिद्ध होते.' शेजारी गाईडची टिक.

याच प्रकारे म्हणजे कोणत्या प्रकारे? मलाच कळेना. तीन, पाच, सात चौकोन मी तेव्हा हाताने तपासले असणार. ते बरोबर येतात. नऊपासून बिघडतं. तेव्हा नऊ का केलं नाही? कंटाळा आला होता का, घाई होती का, मुलगी आजारी होती का, मी खूप आठवून पाहिलं. काहीच आठवलं नाही. ओळ माझी होती, एवढं खरं.

आता इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. सूत्र चुकलं म्हणजे निकाल चुकलाच असं नाही. आकडे देण्याची माझी रीत फसली, पण दुसरी एखादी रीत असू शकते. म्हणजे मी खोटं छापलं होतं, की खरं छापलं होतं पण कारण चुकीचं देऊन, हे मलाच माहीत नव्हतं. मी वर्गात जायचे, शिकवायचे, परत आले की तोच कागद. एके दिवशी वाटायचं निकाल खरा आहे, फक्त जोडावरचा आकडा हलवायला हवा. दुसऱ्या दिवशी तोच हलवला की दुसरीकडे आकडे आपटायचे. घरी पोळी करपली की नवरा नुसता विचारायचा, "नऊ का?"

त्यातच प्रमोशनचा इंटरव्ह्यू जवळ आला होता. प्रोफेसर पदासाठी. माझ्या फाईलमध्ये पहिला पेपर हाच. मी प्रिन्सिपॉलांकडे गेले.

"सर, माझ्या पेपरमध्ये चूक सापडलीय."

"कोणाला?"

"माझ्या विद्यार्थिनीला."

त्यांनी चष्मा काढला. "बाहेर कोणाला?"

"नाही."

"मग मॅडम, इंटरव्ह्यू होऊ द्या की. नंतर काय ते बघा. आणि तुम्हीच म्हणता, निकाल खरा असू शकतो."

"असू शकतो. नसूही शकतो."

"हे बघा, मी केमिस्ट्रीचा माणूस. आमच्याकडे नळीचा रंग बदलला की कळतं. तुमच्याकडे नक्की काय झालंय ते मला समजत नाही."

"मलाही समजत नाहीये, सर," मी म्हटलं. ते खरंच होतं.

त्या संध्याकाळी मी गाईडना फोन केला. ते आता निवृत्त आहेत, कानाला कमी ऐकू येतं. दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाले, "त्या ओळीपाशी माझी टिक आहे ना?"

"आहे, सर."

"मला ती ओळ तेव्हाही कळली नव्हती बहुतेक. पण तू इतक्या खात्रीने लिहिली होतीस."

मी ती ओळ पुन्हा वाचली. "आधी त्या मुलीला सांग," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

रविवारी स्कूटर काढून मी पूर्णगडला गेले. साक्षीचं घर बंदरावरून वर चढणाऱ्या वाटेवर होतं. घरासमोरच्या खळ्यात तिची आई सुकट पसरत होती. मला बघून ती हात पुसत उठली. चेहऱ्यावर काळजी.

"काय चुकलं का हो मॅडम तिचं?"

"तिचं नाही. माझं चुकलंय. तेच सांगायला आले."

बाईंना ते पटलं नसावं. "मग फोन करायचात ना. एवढ्या उन्हाच्या कशाला आलात?" त्यांनी आत हाक मारली. "साक्षे, मॅडम आल्यायत बघ. काय केलंस गं?"

साक्षी बाहेर आली. मी वही उघडून तिच्यासमोर धरली.

"नऊ चौकोन. दोनदा बावीस. तुझं बरोबर आहे."

तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ती घाबरली. "नाय हो मॅडम. असं कसं? ते तर छापलंय."

"मीच छापलंय. मीच सांगते, चुकलंय."

"पण मग मी प्रोग्रॅम सात वेळा परत लिहिला तो..."

"तो पहिल्यापासून बरोबर होता. मी तुला तीनदा परत पाठवलं, तेव्हा एकदाही कागद उघडला नाही. तेही चुकलंच."

तिची आई मध्येच म्हणाली, "म्हणजे पोरगी पास का नापास?"

"पास," मी म्हटलं. "नापास असलेच तर मी."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी आम्हा दोघींना आत बसवलं आणि सोलकढी आणून दिली. साक्षी वहीकडे बघत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "मॅडम, सूत्र नको. कॉम्प्युटरला सांगू, सगळे आकडे लावून बघ म्हणून. नऊला जमतात का ते तरी कळेल."

पुढचा दीड महिना आम्ही दोघी तेच करत होतो. नऊला जमलं. अकरालाही जमलं. म्हणजे निकाल तिथवर खरा होता, पण का खरा, ते कळत नव्हतं. कॉम्प्युटरने दिलेले आकडे कशाही क्रमाने आलेले, त्यात रीत दिसेना. पंधराला कॉम्प्युटर चार दिवस चालत राहिला आणि उत्तर देईना. शेवटी साक्षीच्या लक्षात आलं की मधला एक चौकोन उलटा केला आणि त्याचं शेपूट शेजारच्या जोडाला दिलं, तर नऊ, तेरा, सतरा अशा संख्यांना एक सूत्र बसतं. चाराने भागून एक उरतो, त्या सगळ्यांना. पण शेपूट हलवलं म्हणजे आकृतीच बदलली! दोन दिवस आम्ही त्यावर वाद घातला. मग तेच शेपूट जागेवर ठेवून फक्त आकडे कसे सरकवायचे ते मला दिसलं. फळ्यासमोर. भर लेक्चरमध्ये. मुलांना वाटलं मॅडम पुढची ओळ विसरल्या.

चाराने भागून तीन उरतात, त्यांचं मात्र सात आणि अकराच्या पुढे आम्हाला काहीच सांगता आलं नाही.

मी जर्नलला दुरुस्ती पाठवली: विषम संख्येची सिद्धता चुकीची आहे, चूक साक्षीने शोधली, निम्मा भाग आता सिद्ध होतो, उरलेला होत नाही. नवा भाग आम्हा दोघींच्या नावाने. संपादकांचं उत्तर दोन ओळींचं होतं. आभार आणि पान क्रमांक.

इंटरव्ह्यूत मी हे आधीच सांगून टाकलं. समितीतले तिघे एकमेकांकडे बघू लागले. एकाने विचारलं, "मग हा पेपर धरायचा की नाही धरायचा?"

"निम्मा धरा," मी म्हटलं.

त्यांच्या फॉर्ममध्ये निम्म्यासाठी रकाना नव्हता. प्रमोशन पुढे ढकललं गेलं आणि पुढच्या वर्षी झालं. साक्षी एम.एस्सी.ला गेली. पंधरा चौकोनांना आकडे देता येतात की नाही, हे आजही आम्हा दोघींना माहीत नाही. तिचा मेसेज अधूनमधून येतो, त्यात एखादी नवी आकृती असते. मी ती आधी हाताने करून बघते, मगच उत्तर देते.

नव्याने पीएच.डी. करणारे कधी कधी सल्ला विचारतात. मी एवढंच सांगते की सिद्धतेत जिथे लिहायचा कंटाळा येतो, तिथे पेन खाली ठेवून पुढचं उदाहरण करून बघा. चूक असलीच तर बहुतेक तिथेच असते, आणि तुम्हाला ती आधी सापडलेली बरी.