न वाचता दाबलेला ‘हो’

पत्रक लिहायला ज्यांनी मला शिकवलं, त्यांचा नियम एकच होता: नको ते काढ. विशेषण काढ, नमस्कार काढ, ‘सविनय’ तर आधी काढ. पुढे मला काढायची चटकच लागली.

बोईसरमधला भाड्याचा एक गाळा, तेच आमच्या संघटनेचं कार्यालय. तिथला संगणक एका कारखान्यानं भंगारात काढलेला. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स, कारण ते फुकट आहे आणि कुणाच्या बापाचं नाही. पण त्यात काही नवं घालायचं, तर लांबच लांब आज्ञा टाइप करा, आणि मग पडद्यावर राजपत्रासारखा मजकूर धो धो वाहणार. कोण वाचतो? सालवडला राहणारी, कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करणारी आमची एक कार्यकर्ती याला वैतागली आणि तिनं एक छोटं साधन बसवलं. तेही काळ्या पडद्यावरच चालतं, पण शहाण्यासारखं. एक शब्द आणि पॅकेजचं नाव टाइप करायचं. पॅकेज म्हणजे प्रोग्रॅमचं बांधून आलेलं गाठोडं. साधन स्वच्छ तक्ता मांडतं: हे येणार, हे जाणार, चालेल का? ‘हो’ म्हटलं की काम सुरू.

त्या दुपारी नवापूरच्या ग्रामसभेचं पत्रक छापायचं होतं. सभा दुसऱ्याच सकाळी. विषय कारखान्यांचं सांडपाणी समुद्रात सोडणारी नवी पाइपलाइन. बाजारात मासे विकून आलेली नवापूरची मावशी रिकामी पाटी घेऊन बाकावर बसली होती. तीच पत्रकं घरोघर वाटणार होती, आणि तिची रिक्षा तीनला सुटायची.

संगणक रखडत होता. म्हणून आत काय काय भरलंय त्याची यादी काढली. शेकडो नावं! माझं डोकं सटकलं. हे आणलं कुणी? आम्हाला विचारलं होतं? सगळ्यांत परकं वाटलेलं एक नाव हेरून मी ते काढायला सांगितलं. तक्ता आला. ‘हो’ दाबलं.

प्रिंटरच नाहीसा झाला. म्हणजे टेबलावर होता, पण संगणक त्याला ओळख देईना.

“काय रं, मशीन मेली का तुजी?” मावशी म्हणाली.

“नाही मावशी, होईल.”

“माजी रिक्षा थांबाची नाय हाय.”

मी सालवडच्या ताईला फोन लावला. जेवणाची सुट्टी होती म्हणून तिनं उचलला.

“काय काढलंत, नेते?” मी नाव सांगितलं. “अवो, छपाईचं सगळं त्याच्यावर उभं हाय! तक्त्यात लाल अक्षरात लिवलेलं नवतं काय, काय काय जाणार ते?”

“असेल.”

“असेल म्हंजे? वाचलं नाय तुमी?”

लोकांना विचारलं नाही, कागद वाचला नाही, मंजुरी देऊन टाकली. याच गोष्टीविरुद्ध मी साहेबांच्या दारात घसा फोडतो.

“घाबरू नका,” ती म्हणाली. “ते सगळं लिवून ठेवतं. इतिहास मागा.”

मागितला. मी आजवर केलेले सगळे उद्योग क्रमांकानिशी समोर आले. शेवटच्या क्रमांकापुढे ‘उलटव’ अशा अर्थाचा शब्द टाकला. पुन्हा तक्ता. या वेळी मी एकेक ओळ मोठ्यानं वाचली. फोनवर ताई “हां, हां” करत होती. मग ‘हो’. काढलेलं सगळं भराभर उतरून जागेवर बसलं, आणि प्रिंटर खाकरला.

“माजी चपाती थंड केलीत,” म्हणून ताईनं फोन ठेवला.

मी पहिलं पत्रक मावशीच्या हातात दिलं. तिनं ते परत माझ्याच हातात ठेवलं.

“वाच.”

“मावशी, उशीर होईल.”

“तू न वाचता हो म्हंतोस. आमी नाय म्हनत. वाच.”

वाचलं. “सागरी परिसंस्थेवर विपरीत परिणाम” आला तिथं तिनं हात वर केला.

“ह्ये कुनाला कलंल? लिव, मावऱ्याला रॉकेलचा वास मारतो नि गिऱ्हाईक हुंगून परत ठेवतो.”

काढायची चटक असून ते जड शब्द मलाच दिसले नव्हते. ओळ बदलली, वाचून दाखवली, तिनं मान हलवली, आणि मग छपाई सुरू झाली. गरम पत्रकांचा गठ्ठा प्लास्टिकमध्ये गुंडाळून तिनं पाटीत घातला आणि तीनला पाच कमी असताना पाटी डोक्यावर घेऊन ती रिक्षाकडे सुटली. रिक्षावाल्यालाही तिनं एक पत्रक दिलं असावं. कारण रिक्षा तीन वाजून गेले तरी तिथंच उभी होती आणि तो वाचत होता.