रविवारच्या फोनपुरती बातमी

दुकानात नवा टीव्ही आला की मिस्त्री आधी त्याच्या पाठीमागे जायचे. पडद्यावर काय दिसतंय याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसायचं. उजव्या हाताचा तळवा टीव्हीच्या पाठीला लावायचा, डोळे मिटायचे आणि तापकऱ्याजवळ उभं राहावं तसं स्तब्ध उभं राहायचं. तिकडे गिऱ्हाईक ताटकळलेलं, इकडे मी दात ओठ खात उभा. मग निकाल लागायचा.

"तापतंय लई. ह्येचं काय खरं न्हाय."

गिऱ्हाईक "जरा विचार करून येतो" म्हणून जे जायचं ते जायचंच.

मंगळवार पेठेत माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्तीच्या जोडीला थोडी विक्री. मिस्त्री शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत मोल्डर होते. वाळूचे साचे करायचे, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. तीस वर्षं भट्टीसमोर उभं राहिलेला माणूस. त्याला जगातली कुठलीही वस्तू आधी किती तापते एवढंच कळायचं. असा एखादा तुमच्याही ओळखीत असेल. घरात धड रेडिओ नाही, पण मतं मात्र प्रत्येक यंत्रावर. फरक इतकाच की आमच्या मिस्त्रींची मतं ऐकायला मी हातातली सोल्डरिंगची कामं बाजूला ठेवायचो.

पेजर आला तेव्हा म्हणाले, "कमरंला डबी बांधून फिरायची, ती वाजली की पळत बूथ हुडकायचा. त्यापरीस खिडकीतनं हाक मारल्याली काय वाईट हाय?" सीडीवर निकाल: "कॅसेट गुतली तर पेन्सिल घालून सोडवाय येती. ह्येला ओरखडा पडला तर काय, मलम लावायचं?" पलीकडच्या गल्लीत इंटरनेट कॅफे निघाला. मी त्यांना मुद्दाम घेऊन गेलो. जोडणी होताना तो मोडेमचा किरकिर-खरखर आवाज सुरू झाला तसे मिस्त्री दोन पावलं मागे सरले. "भट्टीत वलं भंगार पडलं की असाच आवाज येतोय, इंजिनेर. त्या येळंला पळायचं असतंय." मला ते इंजिनेर म्हणायचे. माझं शिक्षण आयटीआयपर्यंतचं. पण मी कधी दुरुस्ती केली नाही, कारण तेवढी एकच पदवी मला आयुष्यात कुणी दिली.

दोन हजार साल लागताना जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार अशी आवई उठली होती. वर्षाचे दोनच आकडे ठेवल्यामुळे घोटाळा झालाय, असं मी समजावून सांगितलं. मिस्त्रींनी मान हलवली. "लोखंड गार हुताना आकसतंय. म्हणून आम्ही साचा दोन सूत मोठाच धरतो. एवढी शिकल्याली माणसं, आन् जागाच सोडली न्हाय व्हय?" मी पुढे महिनाभर हे वाक्य माझं म्हणून खपवलं.

एक गोष्ट मात्र माझ्या उशिरा लक्षात आली. मिस्त्री माझ्याकडे यायचे ते रविवारी. नऊच्या आत. काउंटरवर दोन बोटं टेकवायची आणि विचारायचं, "नवीन काय आलंय गा?" मी सांगायचो. ते ऐकायचे, मतं द्यायचे आणि मग ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत बाहेर पडायचे. पाठांतर चाललेल्या पोरासारखे. बाहेर पडून जायचे कुठे? शेजारी. एसटीडी बूथमध्ये.

बूथ आणि माझं दुकान यांच्यात एक प्लायवूड होतं. आता खोटं कशाला बोलू, मी खुर्ची प्लायवूडला लावली. तुम्हीही लावली असती.

"हां. मी बोलतोय. जेवलास का?" मग शांतता. "थंडी हाय का तिकडं?" पुन्हा शांतता. फोनवरची ती शांतता मला प्लायवूडमधून ऐकू यायची. मग मिस्त्री घसा खाकरायचे. "ते नवीन पेंटियम आलंय म्हणं बाजारात. तापत न्हाय का रं त्ये?" आणि मग पलीकडून कुणीतरी बोलायला लागायचं. मिस्त्री नुसते "व्हय", "आसं हाय व्हय", "आन् मग?" करत राहायचे.

पलीकडे होता त्यांचा एकुलता एक मुलगा. पुण्यात एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा. जेवण, थंडी, तब्येत या विषयांवर तो एका शब्दाच्या पुढे जायचा नाही. यंत्रांवर बोलायचा. म्हणून हा लोखंड ओतणारा माणूस आठवडाभर यंत्रांच्या बातम्या गोळा करत हिंडत होता. बूथमधून बाहेर आले की मला काचेतून बोटं दाखवायचे. तीन. कधी चार. तितकी मिनिटं पोरगा बोलला.

मुलगा असा का, ते मी विचारलं नाही. एका रविवारी मिस्त्रींनीच सांगितलं. त्याला निमित्त दुकानात दुरुस्तीला आलेला एक व्हिडिओ गेम. टीव्हीला जोडायचा, दोन दांडक्यांचा, पिवळ्या कॅसेटचा. गिऱ्हाईक न्यायला परत आलंच नव्हतं. मिस्त्रींनी सगळ्या यंत्रांना हात लावून पाहिला होता, याला लावला नाही. बघत राहिले.

"असलाच हुता," ते म्हणाले. "दिवाळीच्या सुट्टीत फटाक्याच्या स्टॉलवर राबून घेतला हुता त्यानं. त्येची आई जाऊन तवा तीन वर्सं झाली हुती. शाळंतनं आला की शेजाऱ्याच्या टीव्हीवर गेम. धाव्वीत गणितात गेला. मी गेम पिशवीत घातला, पाळीला घेऊन गेलो आन् भट्टीत टाकला."

मी सोल्डरिंगचं बटण बंद केलं.

"पलास्टिक. काय राहतंय त्येचं? काळा धूर निघाला. सुपरवायझरनं मला शिव्या घातल्या, लोखंड नासवलंस म्हणून. त्यानं घातल्या. पोरगं न्हाय बोललं काय." मग म्हणाले, "भांडला असता तर मिटलं असतं की गा. त्यो भांडलाच न्हाय. ऑक्टोबरला पास झाला, पॉलिटेक्निकला गेला, हुशार निघाला. आन् मी दर रविवारी म्हणतोय, आज सांगतो. चुकलो म्हणून सांगतो. आन् पेंटियमचं बोलून येतोय."

आता माझा गुन्हा सांगतो. एका रविवारी माझ्याकडे बातमी नव्हती. नाही म्हणवेना, कारण माणूस काउंटरवर दोन बोटं टेकवून उभा. मी ठोकून दिलं, "जपानमध्ये वासाचा टीव्ही आलाय, मिस्त्री. स्वयंपाकाचा कार्यक्रम लागला की तांबड्या रश्श्याचा वास घरभर."

ते पुटपुटत गेले. मी प्लायवूडला कान लावला. मिस्त्री जपान, टीव्ही, तांबडा रस्सा, सगळं गंभीरपणे सांगत होते. मग ते मध्येच थांबले. खूप वेळ काहीच ऐकू येईना. बाहेर आले तर चेहरा लाल.

"खोटं सांगितलंस न्हवं?"

"हो, मिस्त्री. चुकलो."

"हसला त्यो," मिस्त्री म्हणाले. "लई हसला. आप्पा, तुमाला कुणी सांगितलं म्हणाला. म्हटलं, आमच्या इंजिनेरनं." त्यांनी काउंटरवरचा स्क्रू उचलला, पाहिला, परत ठेवला. "फुडच्या रविवारला आनी एक ठेव."

झालं. माझा कारखाना सुरू झाला. आठवडाभर टीव्ही उघडून बसायचो आणि डोक्यात थापा जुळवायचो. सासू आली की आपोआप रेंज जाणारा मोबाईल. कुत्रा चावलेलं कळणारा पेजर. दर रविवारी एक खरी आणि एक खोटी द्यायची आणि मुलाने ओळखायची, असा त्यांचा खेळ ठरला. पुढे तर तिकडूनही यायला लागल्या. मिस्त्री बूथमधून बाहेर येऊन मला सांगायचे, "अमेरिकेत फ्रीज निघालाय म्हणं. मालक जाड झाला की दारच उघडत न्हाय." आणि मग माझ्याकडे रोखून बघत, "खरं हाय का गा?" मी मुद्दाम विचारात पडायचो. बोटं आता सात-आठवर गेली होती. एकदा दोन्ही हात वर करून आले.

मुलाने मोबाईल पाठवतो म्हटलं. स्वस्त झाले होते, आमच्या पेठेत भाजीवालीकडेही आला होता. मिस्त्रींनी साफ नाही म्हटलं. मी त्यांच्याशी भांडलो, तेव्हा त्यांनी जे मत दिलं ते मी अजून कुठल्याही जाणत्याकडून ऐकलेलं नाही. "मोबाईल घेतला तर त्यो म्हणणार, आप्पा, कवाबी करा. कवाबी म्हंजे कवाच न्हाय. रविवार हाय तवर बरं हाय."

मग त्यांनी मला शिकवायला सांगितलं. गेम. तो बेवारशी, दोन दांडक्यांचा. पोरगा दिवाळीला चार दिवस येणार होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा राहायला.

"त्येला हितं घिऊन येतो. एक दांडकं त्येच्या हातात, एक माज्या. तोंडानं जमत न्हाय, तर असं."

मोटारींची शर्यत होती. तुम्ही ती शिकवणी बघायला हवी होती. चटके बसून राठ झालेली ती जाड बोटं एका वेळी तीन बटणं दाबायची. गाडी डावीकडे वळवायची तर मिस्त्री स्टुलासकट डावीकडे. एकदा स्टुलावरून पडले तेव्हा मी हसून हसून काउंटरखाली बसलो. दुसऱ्या वळणावर गाडी आदळायची ती आदळायचीच. "वळान चुकीचं काढलंय," मिस्त्रींचं मत. दोन महिन्यांनी वळण जमलं. पुढे माझ्या गाडीला गाठू लागले, आणि गाठलं की बटण सोडून द्यायचे.

"अहो, पुढं जा की. जिंकाल."

"जिकाय कुठं शिकतोय मी? त्येच्या बरूबर शेवटपतोर गेलं म्हंजे झालं."

तोवर खोकला सुरू झाला होता. भट्टीवरच्या बऱ्याच जणांना होतो. वाळूची धूळ वर्षानुवर्षं छातीत बसते. फोनवर खोकल्याची उबळ आली की मिस्त्री तळव्याने फोन झाकायचे, तोंड प्लायवूडकडे करायचे आणि खोकायचे. म्हणजे माझ्या कानात. मग फोन तोंडाशी नेऊन, "हां, तर त्या कॅमेऱ्याचं काय सांगत हुतो..." पुण्याला तो खोकला कधी पोचला नाही. मी म्हटलं, सांगा की पोराला. म्हणाले, "आता कुठं हसाय लागलाय. दिवाळीत सांगतो." आणि मी काय केलं? मी त्या खोकल्याच्या अलीकडे बसून पुढच्या रविवारची थाप जुळवत राहिलो. माझ्या थापा इतक्या चांगल्या झाल्या होत्या की त्याला काही संशय यायला जागाच उरली नाही.

दिवाळीला तीन आठवडे होते. शुक्रवारी त्यांना दवाखान्यात नेलं. मी भेटायला गेलो. नाकाला नळी, तरी पलंगाशेजारच्या यंत्राच्या पाठीला तळवा लावून बघत होते. "गार हाय. हे टिकंल," म्हणाले. मुलाला कळवतो म्हटलं तर माझं मनगट धरलं. त्या हातात अजून ताकद होती. "परवा रविवारच हाय. मी सांगतो की."

रविवारी पहाटे ते गेले.

त्यांचा पुतण्या मला बोलवायला आला. "पुण्याला तुमीच कळवा, इंजिनेर. तुमास्नी बोलाय येतंय." बूथ आठाला उघडला. मी पहिल्यांदाच आत जाऊन उभा राहिलो. फोनवर तळव्याच्या आकाराचा एक काळपट डाग पडलेला होता. चिठ्ठीवरचा नंबर लावला. एकदाच घंटा वाजली.

"आप्पा, आज लवकर?"

मी म्हटलं, "आप्पा नाहीत. मी दुकानातून बोलतोय. इंजिनेर."

आणि मग पलीकडे तो हसायला लागला. आधी नाकातून थोडं, मग मोकळं, पोटातून, श्वास लागेपर्यंत. पाच वर्षं मी ज्याच्यासाठी राबलो ते हसणं प्लायवूडमधून कधी ऐकू आलंच नव्हतं.

"म्हणजे ते सगळं तुमचंच होतं," तो म्हणाला. "आज त्यांनी तुम्हालाच उभं केलंय होय? सांगा, काका. आज खरी का खोटी?"

मी चिठ्ठीवरचा नंबर पुन्हा वाचत राहिलो. त्याला वाटलं मी थाप जुळवतोय. तो आणखी हसला.

मी त्याला थांबवलं नाही. त्याचं हसून होईपर्यंत फोन कानाला घट्ट धरून उभा राहिलो.