मालक, सदरा घालून या

"मालक, सदरा घालून या."

मामांनी मोबाइल मिरचीच्या पानावर धरायचा, मग पुन्हा खाली घ्यायचा आणि बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला हे सांगायचं. फोटो हवा असायचा पानाचा. पण मालक घरातून सदरा घालून, केसांवरून ओला हात फिरवून येईपर्यंत मामा जागचे हलायचे नाहीत.

मामा म्हणजे कोणाचे सख्खे मामा नव्हेत, आम्ही सगळे त्यांना तसं म्हणायचो. एका बियाणे कंपनीत आम्ही बरोबर होतो. मी जालन्याच्या ऑफिसात, ते गावोगाव. शेतकऱ्यांच्या शेतात मिरचीचं बियाणं तयार व्हायचं आणि दर आठवड्याला प्रत्येक प्लॉटचा फोटो ऑफिसला यायचा. रोग दिसला की प्लॉट रद्द. मग ते बियाणं कंपनी घ्यायची नाही. टेंभुर्णी, पिंपळगाव रेणुकाई, तीर्थपुरी अशी एकमेकांपासून लांब गावं, आणि तिथं फिरणारी आमची मोजकी माणसं. बाकीच्यांच्या फोटोत पान असायचं. मामांच्या फोटोत माणूस असायचा आणि पान कुठंतरी त्याच्या कमरेपाशी.

"मामा, पान कुठंय?"

"हाय की. त्याच्या हातात बघ. बराबर धरायला लावलंय."

"मला माणूस नकोय, मामा."

"वावराचा फोटो काढायचा आन् मालकाला म्हणायचं, बाजूला सर? कसं दिसतं ते, पोरी?"

माझे वडीलही शेतकरीच. मी फोटो मोठा करून पान शोधायला लागायचे.

फोटो मोबाइलच्या ग्रुपात यायचे आणि लग्नपत्रिका, सुप्रभात यांच्या गर्दीत हरवायचे. कोणत्या गावचं पान कोणतं, ते शोधण्यात दुपार जायची. शेवटी साहेबांनी मला सांगितलं, फोटो साठवायची आणि एकमेकांना दाखवायची एखादी चांगली ऑनलाइन व्यवस्था निवड. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि नोकरीत मी ठरवायचं असं हे पहिलं काम. मी ते मन लावून केलं. चाळून चाळून दोन व्यवस्था उरल्या. एक हुशार होती. फोटोत काय आहे ते स्वतः ओळखून वेगवेगळ्या कप्प्यांत टाकायची. दुसरी साधी. गावाच्या नावाचा कप्पा आपणच करायचा, फोटो आपणच टाकायचा. दोन्ही एकेक आठवडा वापरून पाहायचं ठरलं.

पहिल्या आठवड्यात हुशार व्यवस्थेनं मामांचे सगळे फोटो 'समारंभ' नावाच्या कप्प्यात नेऊन ठेवले. पांढरे सदरे, ताठ उभी माणसं, हातात काहीतरी हिरवं. तिला वाटलं असणार, सत्कार चाललाय. आम्ही पोट धरून हसलो. साहेब हसले नाहीत. त्यांच्या स्क्रीनवर मामांच्या एकाही प्लॉटचा फोटो आलेला दिसत नव्हता.

"हीच व्यवस्था घेऊ," ते मला म्हणाले. "आणि मामांना गोदामात बसवू. नाहीतरी रिटायर व्हायलाच आलेत."

मामांना ते कळलं. दुसऱ्याच दिवशी येऊन माझ्यासमोर बसले.

"गोदामात काय करू मी? पोत्यायला म्हणू का, सदरा घालून या?"

मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

"ती दुसरी हाय ना तुझ्याकडं," ते म्हणाले, "तिच्यात ज्याचा फोटो, त्याला दिसंल का?"

दिसतो, मी सांगितलं. लिंक पाठवली की झालं, नाव-पासवर्ड काही लागत नाही.

"मंग जल्दी दाव."

दुसऱ्या आठवड्यात मामांनी फोटोतल्या प्रत्येकाला लिंक पाठवली. मग एका दुपारी टेंभुर्णीहून एका शेतकऱ्याचा फोन आला. साहेब शेजारीच उभे होते, म्हणून मी स्पीकर लावला.

"मॅडम, फोटो पाह्यला. माणूस मीच हाय. पण मागचं वावर माझं न्हाई, भावाचं हाय."

झालं होतं असं, की उजेड चांगला मिळावा म्हणून मामांनी त्याला बांधाच्या पलीकडं, भावाच्या मिरचीत उभं केलं होतं. पानही तिथलंच हातात दिलं होतं. त्या मिरचीवर चुरडामुरडा रोग पडलेला, पानं आकसलेली. आम्ही ह्याचा धडधाकट प्लॉट रद्द करायच्या बेतात होतो.

साहेबांनी मामांना बोलावून घेतलं. "तुमच्या हौसेपायी त्याचा प्लॉट गेला असता."

मामांनी मान खाली घातली. "गेल्ताच, साहेब. चुकलं माझं." मग म्हणाले, "पण त्यानं पाह्यला म्हणून वाचला ना?"

साहेब माझ्याकडं बघायला लागले. मी साधी व्यवस्था सुचवली. मामांवर मेहेरबानी म्हणून नाही. जालन्यात बसून जे आम्हाला दिसत नाही ते मालकाला दिसतं, हे कारण मला पुरेसं होतं, आणि ते मी तसंच तोंडावर सांगितलं. मामांनाही एक अट घातली. आधी नुसतं पान, झाडावरचंच. मग मालक. फोटो दोन.

"बिलकुल," मामा म्हणाले.

साहेबांनी होकार दिला. मामा गावांतच राहिले.

नंतर टेंभुर्णीच्या स्टँडवर मी एक वाढदिवसाचा फ्लेक्स पाहिला. अशा फ्लेक्सवरची माणसं कानाला मोबाइल लावून उभी असतात, तुम्हीही पाहिली असतील. हा गृहस्थ मिरचीचं पान धरून उभा होता. फोटो कुठून उचलला, ते मला विचारावं लागलं नाही.

मामा रिटायर झाले आणि पुण्याला मुलाकडं गेले. त्यांच्या गावांत आता नवा माणूस आहे. त्याचे फोटो स्वच्छ येतात, नुसतं पान. कामाला काही अडत नाही. फोटो टाकायचं मामांचं खातं बंद करायचं होतं, ते राहून गेलं.

परवा त्या खात्यातून दोन फोटो आले. पहिला मिरचीच्या पानाचा, अगदी जवळून घेतलेला, एकही रेघ न हललेला. दुसऱ्यात बिल्डिंगचं गेट, गेटपाशी पत्र्याच्या डब्यात मिरचीचं एकच रोप. शेजारी वॉचमन ताठ उभा. खाली मामांनी लिहिलं होतं, "रोप यांनी लावलंय. लिंक पाठव, यांना बघायचंय."

मी 'पुणे' नावाचा कप्पा उघडला, फोटो त्यात टाकले आणि लिंक पाठवली. मग दुसरा फोटो मोठा करून पाहिला. वॉचमननं गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या होत्या. टोपी काढून हातात धरली होती, आणि केस ओले होते.