गाडी तुमची, कुलूप माझं

माझ्या सासूबाई मोटारसायकलवर बसण्याआधी तिच्यावरच्या सामानाशी भांडत. दोन्ही हातांनी पेटी धरायची, चिंचेची फांदी हलवावी तशी गदागदा हलवायची आणि तिलाच विचारायचं, "हलतीस? हल की! आत्ताच हल, घाटात नगं." पेटी गप्प राहिली की मग काष्टा सावरून, पुरुषासारखे दोन्हीकडं पाय टाकून मागं बसायच्या आणि माझ्या हेल्मेटवर टिचकी मारायच्या. टिचकी म्हणजे निघा. मला धरून त्या कधी बसल्या नाहीत. सासूनं जावयाच्या अंगाला हात लावायचा नाही, जावयानं सासूच्या. खड्डा कितीही मोठा असला तरी त्यांचे हात मागच्या कडीलाच.

नाव भागाबाई, गाव राहू. मी त्यांना मामी म्हणायचो. लहानपणी त्या मेंढरांमागं कोकणापर्यंत चालत गेलेल्या. अख्खा संसार घोड्याच्या पाठीवर चढवायचा, वर कोंबड्या आणि कोकरं बांधायची आणि रोज नव्या रानात उतरवायचा, हे काम त्यांच्याकडं असे. आमच्या केंदूरच्या घरातली मेंढरं आजोबांबरोबरच संपली. मी रांजणगावात कंपन्यांनी टाकून दिलेलं लाकूड गोळा करत सुरुवात केली. आज त्याच कंपन्यांना माल रचायचे लाकडी पॅलेट पुरवतो. सांगितलेल्या भावाला मी आयुष्यात काही घेतलेलं नाही. माझी डाळ शिजली नाही अशी एकच व्यक्ती मला भेटली, ती ही.

त्यांनी माझ्यावर एक अन्याय केला. माणूस गेलं की सगळं माफ, असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही.

मामा, म्हणजे माझे सासरे, वारल्यावर माझा मेहुणा नवनाथ त्यांना राहूहून दौंडला आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. मुलगा वाईट नाही. पण आईला साखरेचा आजार निघाला, एकदा जिन्यात चक्कर आली, आणि त्यानं ठरवून टाकलं की आता आईनं फक्त बसायचं. दळण आणायला जायचं नाही, राहूला जायचं नाही, खालच्या बाकावरसुद्धा सून सोबत असेल तरच. मामी गॅलरीत उभ्या राहून रस्त्याकडं बघायच्या. मी गेलो की म्हणायच्या, "या पावणं. बगा, खुट्याला बांधलीया मला. वैरण येळेवर मिळती."

त्यांच्या घरची एक रीत होती. देव्हाऱ्यातले देवांचे टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले कुळदेव, काही वर्षांनी मूळ ठाण्यांच्या भेटीला न्यायचे. जेजुरी, मग साताऱ्याकडची पाली, मग तिकडं खाली आरेवाडीचा बिरोबा. त्या साली भेट ठरलेली होती आणि नवनाथला रजा नव्हती. बंद गाडीत मामींना मळमळायचं. एसटीत देव मांडीवर घेऊन बसलं की शेजारणीचा पाय लागतो, अशी तक्रार. शेवटी त्यांनीच जाहीर केलं, "जावयाच्या फटफटीवर जाते."

नवनाथ तासभर नाही म्हणत होता. मग म्हणाला, "जा. पण आई, एकदा जरी चक्कर आली ना, तर हे शेवटचं. पुन्हा उंबरा ओलांडायचा न्हाई." मामींनी माझ्याकडं पाहिलं. त्या वेळी मला त्या नजरेचा अर्थ कळला नव्हता.

शिरूरला बायपासजवळच्या दुकानात आम्ही पेट्या बघायला गेलो. मी आधीच दुकानदाराला घोळात घेऊन ठेवलं होतं. फिटिंग फुकट, स्टँड फुकट, पाठीला टेकायची गादी फुकट. मामींनी पाच मिनिटांत माझ्या सौद्यावर पाणी फिरवलं. बाजूच्या रुंद पेट्या लावून त्यांना गाडीवर बसवलं तर टाचा पेटीला लागल्या. "पाय कुठं ठिवू? डोक्यावर?" दुकानदारानं अरुंद पेट्या आणल्या. मग मागची मोठी पेटी. तो सांगत होता, अॅल्युमिनियम हाय, कुलूप मजबूत हाय, पहारीनंसुद्धा फुटायची न्हाई. मामींनी खालून हात घातला, कसलं तरी बटण दाबलं आणि अख्खी पेटी उचलून हातात घेतली.

"कुलूप पेटीला हाय," त्या म्हणाल्या. "पेटी गाडीला कुठं हाय?"

दुकानदार माझ्याकडं बघायला लागला. मी त्याच्यावर ओरडलो, कारण मामींवर ओरडता येत नव्हतं. मग त्यानं आतून दुसरी काढली. हिचे बोल्ट पेटीच्या आतून आवळायचे आणि गाडीवरची पट्टीही त्याच चावीनं बंद व्हायची. मामी तिला लोंबकळल्या. हलली नाही. "जड सामान खाली, दोन्ही अंगाला सारखं," त्यांनी सांगितलं. "वर हलकं. मागं वझं झालं की घोडं पुढचा पाय उचलतं."

"मग देव वर ठेवू," मी म्हणालो. "हलके हायेत, पेटी पक्की हाय."

"म्हंजी देवाला पाठ करून बसू व्हय?"

"मग बाजूच्या पेटीत."

"पायापाशी?"

"मग टाकीवर छोटी बॅग लावतो, माझ्या पुढं."

"तुमच्या मांड्यांच्या मधी?" त्या इतक्या मोठ्यानं बोलल्या की दुकानातली गिऱ्हाइकं वळली. "शी! आन् तिला तर निस्ती चेन हाय."

शेवटी त्या म्हणाल्या, "मीच उलटी बसते. तोंड मागं करून."

माझं डोकं फिरलं. मी हेल्मेट टेबलावर आपटलं आणि म्हणालो की मग मी येत नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "चला घरी. देवालाच इचारू."

देव्हारा राहूच्या जुन्या घरीच होता. तिथं त्यांनी कौल लावला. देवाच्या टाकावर उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "देवा, तुला माझ्या पाठीमागं ठिवू का?" डावी पडली.

"पुन्हा विचारा," मी दारातून म्हणालो.

"देव काय मंडईत बसलाय व्हय?"

"प्रश्न चुकला तुमचा. पाठीमागं कशाला म्हणायचं? विचारा, माझ्यापेक्षा उंच ठेवू का."

त्यांनी जुन्या पाकळ्या काढल्या. मग नव्या पाकळ्या लावल्या आणि तसं विचारलं. उजवी पडली. "देवालाबी पटवलंत," त्या म्हणाल्या, आणि लगेच हात पुढं केला. "गाडी तुमची, कुलूप माझं. दोन्ही चाव्या इकडं. पेटी मी उघडनार, मी लावनार. देव तुमच्या कुळाचा न्हाई, तवा हात लावायचा न्हाई." चाव्या दोऱ्यात ओवून त्यांनी चोळीच्या आतल्या खिशात टाकल्या. जेजुरीला, पालीला त्यांनीच पेटी उघडली, त्यांनीच देव वर नेले. मी खाली चपला सांभाळत बसलो. पैसे माझे, पेट्रोल माझं आणि मी चपलांपाशी.

चहाला थांबलो तरी त्या गाडीकडं तोंड करून बसायच्या. मी म्हणायचो, कुलूप आहे की. तर म्हणायच्या, "गाठीपरीस नजर पक्की."

पाली सोडून आम्ही माणदेशाच्या माळावरून चाललो होतो. आरेवाडीचं दर्शन झाल्याशिवाय खायचं नाही, असं मामींनी सकाळी ठरवलं होतं. साखरेच्या आजाराची गोळी मात्र घेतली होती. हे मला नंतर कळलं. रस्ता मोकळा, दोन्हीकडं कुसळं, दूर एखादी बाभळ. मागून बोलणं बंद झालं. मग हेल्मेटवर टिचकी बसली, पण ती टिचकी नव्हती, त्यांचं डोकं होतं. मी गाडी कडेला घेतली तोवर त्या एका अंगाला कलल्या. कसंबसं धरून बाभळीखाली बसवलं. अंगाला घाम, डोळे अर्धे उघडे, आणि बोलणं असं की शब्द लागेना. एवढंच कळलं, "गुलकोज... पेटीत."

मी पेटीकडं बघितलं. मग मामींकडं. चाव्या चोळीत होत्या.

ज्या बाईनं कधी माझा खांदा धरला नाही, तिच्या चोळीत मी हात घालायचा? तुम्ही म्हणाल, जीव जात असताना कसली रीत. घरात बसून मीही म्हटलं असतं. तिथं माझा हात पुढं गेला आणि त्या तशा अवस्थेतही त्यांनी पदर छातीशी घट्ट धरला. माझा हात मागं आला. मी गाडीचा पाना काढला आणि पेटीवर घाव घालायला लागलो.

पेटी फुटेना. दुकानदार खरं बोलला होता. कुलपात स्क्रूड्रायव्हर घातला, तो वाकला. मी कुलपाला, दुकानदाराला, स्वतःला शिव्या देत होतो. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला, "ए भाड्या! म्हातारीला लुटतो व्हय रं?"

शेळ्या राखणारी एक बाई काठी उगारून उभी होती.

"सासू हाय ती माझी!" मी ओरडलो.

"मग पेटी कशापायी फोडतो?"

"साखर कमी झालीया तिची! औषध आत हाय!"

"आन् चावी?"

"तिच्या चोळीत!"

बाईची काठी हवेतच थांबली. "आन् तू जावई," ती म्हणाली.

"व्हय."

तिनं काठी टाकली. माझ्याकडं पाठ करून मामींच्या पुढं बसली, चावी काढली आणि पेटी उघडली. वर पिवळ्या फडक्यात देव, त्याच्याखाली ग्लुकोजचा पुडा.

"ह्यात काय हाय?"

"देव हायेत त्यांचे."

तिनं हात झटकन मागं घेतला. "मग मी हात कसा लावू? मी परक्या घरची."

मीही परक्याच घरचा. पण आता विचार करायला वेळ नव्हता. मी दोन्ही हातांनी फडकं उचललं. बाईनं पुडा ओढला, दातांनी फाडला आणि ग्लुकोज मामींच्या गालाच्या आत बोटानं चोळायला लागली. मी देव घेऊन उभा. खाली ठेवावेत तर माती, सीटवर ठेवावेत तर तिथं माणूस बसतं. मामी अजून बघत नव्हत्या. असा मी किती वेळ उभा होतो, सांगता येत नाही. शेळ्या माझ्या बॅगेचा पट्टा चघळत होत्या, त्यांना हाकलायलाही हात मोकळा नव्हता.

मग मामींनी घोट गिळला. पुन्हा एक. डोळे उघडले, आधी बाईकडं पाहिलं, मग उघड्या पेटीकडं, मग माझ्या हातांकडं.

"सकाळी आंघूळ केलती का?"

"केलती."

"मग नीट धरा."

आरेवाडीचं दर्शन झालं. तिथं त्या पोटभर जेवल्या आणि परतीला वाटेत त्या शेळीवाल्या बाईला शोधून लुगडं दिलं. मला वाटलं, घरी गेल्यावर चार शब्द माझ्याबद्दल बरे बोलतील.

राहूला भावकी जमली होती. नवनाथ दौंडहून आला होता. पेटीवर पान्याचे घाव दिसत होते. त्यानं विचारलं, "हे काय? आई, तुला काही झालं तर नव्हतं ना?"

"मला काय व्हतंय," मामी म्हणाल्या. "चावी पडली व्हती. पावण्यांना दम निघंना. पेटी ठोकली, आन् देवालाबी हात लावला."

सगळे माझ्याकडं वळले. एक चुलत सासरा म्हणाला, पैसा आला की रीत जाते. देव भीमेवर नेऊन पुन्हा धुतले. मला बरोबर नेलं नाही. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं, पण मामी माझ्याकडं बघत होत्या. दौंडच्या फ्लॅटवर त्यांनी जी नजर टाकली होती, तीच. मी दात आवळून उभा राहिलो. माझी बायको सुनंदाही त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

संध्याकाळी मी त्यांना गोठ्यामागं गाठलं. "हे काय केलंत, मामी?"

"मी पडले म्हणून कळलं तर नवनाथ मला पुन्यांदा भायेर सोडल का?"

"आणि माझी अब्रू?"

"तुमची अब्रू दणकट हाय. चार दिस बोलत्याल, गप बसत्याल. माझं मात्र सगळंच जाईल हो, पावणं. गॅलरी राहील निस्ती."

मी घासाघीस केली. उपास बंद. ग्लुकोज पेटीत नाही, त्यांच्या कमरेच्या पिशवीत. डोकं गरगरलं की लगेच सांगायचं. सुनंदाला खरं सांगायचं. त्यांनी पहिल्या तीन अटी कबूल केल्या, चौथीला नाही म्हणाल्या. "लेक हाय ती. भावाला सांगल्याबिगर ऱ्हायची न्हाई." तिथंच सौदा तुटला असता, पण त्या रडायला लागल्या. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं. मी हो म्हणालो.

त्यानंतर त्या माझ्या गाडीवर दर साली कुठं ना कुठं आल्या. कोकणात आल्या, लहानपणी जिथं मुक्काम पडायचा ते माळ त्यांनी मला दाखवले. एका ठिकाणी आता पेट्रोल पंप होता. तिथं उतरून त्या म्हणाल्या, "हितं माझी धाकटी भन जलमली." आणि पंपावरच्या पोराला विचारलं, हवा फुकट हाय का.

मागच्या उन्हाळ्यात त्या राहूच्या घरी झोपेतच गेल्या. तेराव्याला देव्हारा उघडला तेव्हा चुलत सासऱ्यानं मला हातानंच खूण केली, तुम्ही बाहेर बसा. मी ओट्यावर बसलो. आता बोलायला मला कुणाची बंदी नव्हती. मी शब्दही जुळवून ठेवले होते.

नवनाथ येऊन शेजारी बसला. डोळे सुजलेले. माणसं ऐकत होती. "दाजी, एक समाधान आहे," तो म्हणाला. "मी आईला कोंडलं नाही. केवढी फिरली ती! आणि इतक्या फिरण्यात एकदाही चक्कर आली नाही. देवाचीच कृपा."

सगळी भावकी माझ्याकडं बघत होती, देवाला हात लावणाऱ्याकडं.

"व्हय," मी म्हणालो. "देवाचीच."