शिक्क्याची तिकिटे उलटी करून पाहणाऱ्या सुमेधाताई

सुमेधाताई वाघमारे यांच्या सदाशिव पेठेतल्या घरी मी प्रथम गेलो, तेव्हा माझ्या हातात टिपकागदात गुंडाळलेली अमेरिकन टपाल तिकिटे होती आणि डोक्यात भरपूर हवा होती. मी बिबवेवाडीचा; विमा कचेरीतली नोकरी सांभाळून नुकताच तिकिटे विकू लागलो होतो. त्या तिकिटांवर शहराचे नाव आणि आडव्या रेघा छापलेल्या होत्या. शिक्का आहे म्हणजे तिकीट वापरलेले, असे धरून मी ती परातीत भिजवली आणि पाठीवरचा गोंद चोळून काढला. ताईंनी एक तिकीट उलटे केले आणि हे आपणच केलेत का, असे विचारले. मी छाती फुगवून हो म्हणालो.

“छान धुतलीत. आता घरीच ठेवा, विकू नका.”

मला राग आला, खोटे कशाला सांगू? मग त्यांनी शांतपणे समजावले. घाऊक टपाल पाठवणाऱ्यांसाठी तिकडचे टपालखाते शिक्का आधीच छापून तिकिटे देत असे. त्यामुळे समोरून वापरलेले दिसणारे तिकीट पाठीवर मूळ गोंद असेल तर कोरे असते. मी कोऱ्या तिकिटांची माझ्या हाताने माती केली होती. पुढच्या रविवारी या, एवढेच त्या म्हणाल्या. मी गेलो, आणि आजतागायत जातो आहे.

ताईंची कामाची रीत ठरलेली. तिकीट आधी पालथे करायचे, तेही दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी. गोंद, डाग, दुमड, जुन्या चिकटपट्टीची खूण, सगळे चिठ्ठीवर लिहायचे. दरांची सूची उघडायची ती त्यानंतरच, कारण आकडा दिसला की माणसाला नसलेला गोंदही दिसू लागतो, असे त्यांचे म्हणणे. माझ्या पहिल्या चिठ्ठीवर मी ‘दुर्मीळ’ असे झोकात लिहिले होते. अशी किती पाहिलीस, असे त्यांनी विचारले. तोवर मी ‘तू’ झालो होतो. पाच, म्हणालो. त्यांनी चिठ्ठी फाडली. त्या संध्याकाळी मी तणतणत स्कूटर काढली, पण तो शब्द पुन्हा लिहिला नाही.

लोणी काळभोरच्या एक निवृत्त शिक्षिका भावाचा अल्बम घेऊन आल्या होत्या. एका व्यापाऱ्याने सगळे वापरलेले म्हणून उडवून लावले होते. ताईंनी तो वापरलेल्या तिकिटांच्या भावात घेतला असता तरी बाई खूश झाल्या असत्या. ताईंनी दोन दुपारी बसून प्रत्येक तिकिटाची चिठ्ठी लिहिली, आगाऊ शिक्क्याची कोरी तिकिटे वेगळी काढली, खरा भाव सांगितला आणि जेवायलाही थांबवून घेतले. चिठ्ठ्या लिहिण्याचे त्यांनी काही घेतले नाही.

गेल्या वर्षी ताईंची नजर मंदावली. स्वतःचा संग्रह विक्रीला काढायचे त्यांनी ठरवले आणि वर्णनाचे काम माझ्यावर सोपवले. त्यात आगाऊ शिक्क्याच्या, एकमेकांना जोडलेल्या चार तिकिटांची एक पट्टी होती. ताई मॅट्रिक झाल्या तेव्हा वडिलांनी, गिरणीतल्या फिटरच्या पगारातून, हौसेने आणलेली. ताईंच्या यादीत तिच्यापुढे ‘कोरी, मूळ गोंदासह’ असे होते. मी ती खिडकीपाशी नेली आणि पालथी केली. गोंद कडेच्या दात्यांच्या टोकांपर्यंत ओघळून वाळला होता, दाते बोटाला कडक लागत होते. मूळ गोंद दाते पाडण्याआधीच लावलेला असतो, तो असा ओघळत नाही. वापरलेल्या तिकिटांना कोणीतरी नव्याने गोंद फासला होता. सगळ्या जगाची तिकिटे उलटी करणाऱ्या ताईंनी ही एक पट्टी कधी उलटी केलीच नव्हती.

आठ दिवस मी टाळाटाळ केली. पंचाहत्तरी तोंडावर आलेली, आणि मी त्यांच्या वडिलांची भेट खोटी ठरवायची? त्यांना आता नीट दिसत नाही, यादीत आहे तेच उतरवावे, असेही मनात येऊन गेले. त्याची आजही लाज वाटते. शेवटी ठरवले, जे आहे तेच लिहायचे, आणि त्यांच्यासमोर वाचायचे. ‘वापरलेली, पुन्हा गोंद लावलेली’ एवढेच मी वाचले.

ताईंनी पट्टी हातात घेऊन दात्यांवरून बोट फिरवले.

“बाबांना फसवलं रे कुणीतरी,” त्या म्हणाल्या. “त्यांना कळलं नाही ते बरं झालं. तू लिहिलंयस तेच राहू दे.”

पट्टी त्यांनी विक्रीतून काढून स्वतःकडे ठेवली, माझ्या चिठ्ठीसकट. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सर्वांत जुन्या ग्राहकाचा मला फोन आला. ताईंनी त्यांना सांगितले होते, “यापुढे माझ्याऐवजी याला दाखवा, हा मलासुद्धा खरं सांगतो.”

पंचाहत्तरीनिमित्त ताईंना निरोगी आणि भरपूर आयुष्य लाभो, अशी आपणा सर्वांच्या वतीने प्रार्थना करतो. त्यांनी शंभरी गाठावी, ही माझी मात्र इच्छा नाही, हट्ट आहे. आणि प्रत्येक रविवारी माझ्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचून घेऊन, चुकलेली चिठ्ठी त्यांनी माझ्यादेखत फाडावी.