जंतू आढळले नाहीत

आमच्या मुठा गावात डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतो, पण धोंडाकाकूचा डबा बाराही महिने उघडा, असं मी थट्टेनं म्हणायचो. बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा. गावात कुणी बरं झालं की उरलेल्या गोळ्या काकूकडे आणून द्यायचं. फेकल्या तर अन्न टाकल्यासारखं वाटायचं. काकू शाळेत गेली नव्हती, पण अर्धवट पट्ट्या रंगांवरून लावून ठेवायची आणि कुणाच्या घशाला कोणती, कुणाच्या गळवाला कोणती, ते न अडखळता सांगायची. भातलावणीच्या दिवसांत पौडच्या दवाखान्यात जाऊन दिवस मोडण्यापेक्षा काकूची गोळी बरी, हे सगळ्या गावाचं मत होतं. माझंही होतं.

पासष्टी उलटल्यावर तिनं उजवा गुडघा बदलून घेतला. वर्षभर ती बांधावरून तरातरा चालली. मग दिवाळीनंतर गुडघा सुजला आणि हाताला गरम लागू लागला. तिचा मुलगा किशोर भूगावला कामाला, म्हणून माझ्या गाडीतून मी आणि सून रेश्मा तिला पुण्याला घेऊन गेलो.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. सांधा नुसता सैल झाला असेल तर एका ऑपरेशनात नवा बसेल. पण आत जंतू बसले असतील तर सगळं लोखंड काढावं लागेल, काही महिने त्या जागी औषधी सिमेंटचा ठोकळा राहील, आणि पुढे चालता येईलच असं नाही. सगळ्यात वाईट म्हणजे जंतू असताना ते न कळता नवा सांधा बसवला, तर तोही नासेल आणि पायावर बेतेल. म्हणून गुडघ्यातलं पाणी सुईनं काढून लॅबमध्ये चौदा दिवस ठेवायचं होतं, कारण हे जंतू फार सावकाश वाढतात. अट एकच होती. पाणी काढायच्या आधीचे दोन आठवडे अँटिबायोटिकची एकही गोळी पोटात जायला नको. गेली तर जंतू मरत नाहीत, फक्त दबून बसतात, आणि लॅबला सापडत नाहीत.

काकूनं मान डोलावली. रेश्मानं घरातली डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं कुलपात ठेवली. डब्याला मात्र कुणी हात लावला नाही, कारण डबा औषधात धरायचा असतो हे आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

त्याच पंधरवड्यात मी भुकूमला दाढ काढून घेतली. दुखणं थांबलं तशा राहिलेल्या सहा गोळ्या नेहमीसारख्या काकूकडे नेऊन दिल्या. तिनं पट्टी उजेडात धरून पाहिली आणि भारीतली दिसते म्हणाली. चार दिवसांनी तिच्या गुडघ्याची सूज ओसरली, तेव्हा मीच म्हटलं की बघ, देवाला काळजी.

पाणी काढलं. पंधराव्या दिवशी मी आणि काकू रिपोर्ट आणायला गेलो. लॅबमध्ये शबनूर नावाची मुलगी होती, पौडची. कागदावर लिहिलं होतं, जंतू आढळले नाहीत. मला हसू फुटलं. शबनूर हसली नाही. तिनं कागद हातातून सोडलाच नाही, आणि काकूला बाकावर बसवून शेजारी बसली.

"आजी, तुमचं पाणी गढूळ व्हतं. त्यात पू व्हताना असत्यात तशा पेशी हजारांनी हायेत. अन् जंतू एकबी न्हाई. असं सहसा व्हत न्हाई. गोळी कंची खाल्ली?"

काकू म्हणाली, औषध काहीच घेतलं नाही. शबनूरनं पुन्हा विचारलं, घरातली एखादी? तेव्हा काकू सहज म्हणाली की घरातली घेतली, रोज एक, सहा दिवस. मी दिलेल्या गोळ्याही सहाच होत्या. कुणी दिली, असं शबनूरनं विचारलं. काकूनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"घरातच व्हती," ती म्हणाली.

शबनूर तिथूनच डॉक्टरांकडे गेली. जंतू नसले तर नवा सांधा बसवायचं ठरलं होतं, ते ऑपरेशन थांबलं. पुन्हा दोन आठवडे, आणि या वेळी खरोखर काहीही न घेता. ते दिवस मी विसरणार नाही. गोळ्या नव्हत्या म्हणून जे आत दबून होतं ते वर येऊ लागलं. आठव्या दिवशी ताप चढला. अकराव्या दिवशी गुडघ्याच्या बाजूला एक लाल ठिपका उठला आणि त्यातून पाणी झिरपू लागलं. काकू कण्हत नव्हती, नुसती त्या ठिपक्याकडे बघत बसायची. मी रोज जायचो आणि दोन मिनिटांत उठायचो. मला तिथं बसवत नव्हतं.

दुसऱ्यांदा काढलेल्या पाण्यात चौथ्याच दिवशी जंतू वाढले. सोबत यादी आली, अर्धवट गोळ्यांना सरावून कोणत्या औषधांना ते आता दाद देत नाहीत त्याची. माझ्या दाढेच्या गोळीचं नाव तिसऱ्या ओळीत होतं. डॉक्टर म्हणाले, आता सांधा काढावाच लागेल. गेल्या महिन्यातच कळलं असतं तर हाड बरंच वाचलं असतं. आता किती वाचेल ते उघडल्यावरच कळेल.

भरती करायच्या दिवशी रेश्मा आणि किशोर पुढे फॉर्म भरायला गेले. गाडीत आम्ही दोघंच उरलो. मला राहवलं नाही.

"काकू, ती पट्टी माझी व्हती."

"ठावं हाय की," ती म्हणाली. "पट्टी तुझी व्हती. गिळली मी."

मी दार उघडून हात पुढे केला. वॉर्डबॉय चाकाची खुर्ची घेऊन आला. काकूनं दोन्ही नाकारलं. पदर खोचून ती उतरली आणि तो सुजलेला पाय ओढत, एकेक पायरी करत, दवाखान्याच्या दारातून आपल्या पायांनी आत गेली.