रोहण्याच्या बंद लायनीवर मामाजींनी धरलेलं कडं

आधीच सांगून ठेवते, मी भूत-बीत मानणाऱ्यातली बाई नाही. वर्ध्याला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, एकोणीस वर्षं झाली. आम्ही काही शिक्षक खेड्यापाड्यांत जाऊन लिंबातून रक्त काढणं, नारळातून धूर काढणं असले बुवाबाजीतले प्रयोग उघडे करून दाखवतो आणि त्यात सगळ्यात मोठ्या आवाजात बोलणारी मीच असते. त्यामुळे या सदरातले लोकांचे अनुभव वाचून मी आजवर नुसती हसत आले... आता तुम्ही हसा, माझी हरकत नाही. पण गेल्या जानेवारीत रोहण्याला जे झालं ते मी, माझे मिस्टर, चुलतदीर गजानन भाऊजी आणि त्यांच्याकडे कापूस वेचायला येणाऱ्या बेबीबाई, अशा चौघांनी सकाळी अकरा वाजता, स्वच्छ उन्हात पाहिलंय.

माझे सासरे – आम्ही मामाजी म्हणतो – अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. जन्म केनियातला. आजेसासरे मॅट्रिक होऊन बोटीनं मोम्बासाला गेले आणि तिथल्या रेल्वेत स्टेशनमास्तर झाले. मोम्बासा-नैरोबी लायनीवर जंगलाच्या मधोमध एक लहानसं स्टेशन, एक क्वार्टर, एक पाण्याची टाकी, बस. मामाजी बावीस वर्षांचे असताना सगळं कुटुंब इकडे परत आलं. मग वर्ध्याच्या शाळेत क्लर्कची नोकरी, लग्न, लेकरं, घर, सगळं इथंच झालं. पण माणूस मनानं कायम त्या गाडीतच बसलेला.

वरणावर तूप पडलं की मामाजींची गाडी सुटायची. संध्याकाळी मोम्बासा सोडलं की जेवणाची वर्दी द्यायला पांढऱ्या कपड्यातला वेटर डब्याडब्यातून टिंग-टांग वाजवत कसा फिरायचा... पहाटे उठून खिडकी उघडली की उशीवर, भुवयांवर, आईनं बांधून दिलेल्या धपाट्यांवरसुद्धा लाल धूळ कशी बसलेली असायची... जिराफ कसे मान वळवून गाडीकडे पाहायचे, जसे काही तेच तिकीट तपासणार आहेत. माकिंडूला उतरून गुरुद्वाऱ्यातली गरम डाळ-रोटी. आभाळ मोकळं असलं तर डाव्या हाताला किलिमांजारोचा पांढरा माथा. आणि ते गॅरट इंजिन! दोन्हीकडे तोंड, मधे ड्रायव्हर, एवढं लांब की आपल्या स्टेशनात मावायचं नाही म्हणे. डायनिंग कारवाले ओळखीचे होते, ते जाता जाता पोत्यात गुंडाळलेला बर्फ प्लॅटफॉर्मवर टाकून जायचे. त्या दिवशी क्वार्टरमध्ये सरबताची पंगत बसायची.

लग्न होऊन आले तेव्हा मी डोळे मोठे करून ऐकायची. दहा वर्षांनी अर्ध्या कानानं ऐकायला लागले. पुढे तर मीच वाढता वाढता पुढचं वाक्य म्हणून टाकायची आणि पोरं फिदीफिदी हसायची. मामाजीही हसायचे. वाईट वाटत असेल, पण दाखवायचे नाहीत.

यातली सगळ्यात लाडकी गोष्ट कड्याची. लाइन एकेरी होती. पुढचा मार्ग मोकळा आहे याचा परवाना हातात पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे नेऊ शकत नसे. तो परवाना चामड्याच्या पिशवीत घालून ती पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला बांधायची आणि ते कडं हातात उंच धरून रुळांशेजारी उभं राहायचं. ड्रायव्हर चालत्या गाडीतून हात बाहेर काढून त्यात कोपर अडकवणार आणि कडं घेऊन जाणार. एकदा आजेसासरे मलेरियानं फणफणले होते. मामाजी तेव्हा एकोणीस वर्षांचे, तिथंच तारेचं काम शिकत होते. मालगाडी यायची वेळ झाली तसे हेच कडं घेऊन उभे राहिले. "अन् ड्रायव्हरनं असं घेतलं," मामाजी हात लांबवून दाखवायचे, "जशी गयात माळ पडली!" हे 'गळ्यात माळ' वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं झालं होतं. नळाला पाणी आलं तरी पोरं म्हणायची, जशी गयात माळ पडली.

मागच्या जूनमधली गोष्ट. मी कॉलेजला निघाले होते, पायात चप्पल, हातात किल्ली. मामाजी दारात आले आणि म्हणाले, "वैशाली, ते कड्याचं... खरं सांगू का तुले?"

मी म्हटलं, मामाजी, संध्याकाळी सांगा, आज प्रॅक्टिकल आहे. आणि गाडीला किक मारली.

दुपारी फोन आला. मामाजी बाथरूमजवळ पडले होते. सावंगीच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी जीव वाचवला, पण अर्धांगवायूच्या झटक्यात उजवा हात आणि बोलणं गेलं, चालणं वॉकरवर आलं. समजायचं सगळं. पेपर पुढे धरला तर डोळे ओळींवरून फिरायचे. पण तोंडातून शब्द नाही. स्पीच थेरपीवाली मुलगी चांगली होती बिचारी, कपाचं चित्र, कंगव्याचं चित्र दाखवायची. मामाजी दोन महिने प्रयत्न करत राहिले आणि मग भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले. दिवाळीनंतर जेवण कमी झालं. डॉक्टर म्हणाले, पेशंटनं मनावर घेतलं नाही तर आमच्या हातात फार नाही.

आणि मी? मी रोज त्यांना भरवताना मनात एकच घोकायची – काय सांगणार होते? दोन मिनिटं थांबले असते तर काय बिघडलं असतं? प्रॅक्टिकल लोलकाचं होतं, तो काय माझ्यावाचून हलायचा थांबणार होता? हा माणूस ते न सांगताच गेला तर मी स्वतःला माफ करू शकणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

जानेवारीत गजानन भाऊजींनी हुरडा खायला बोलावलं. त्यांचं वावर रोहण्याला, आर्वी-पुलगावच्या छोट्या लायनीला लागून. ती गाडी चालू होती तेव्हा मामाजी तिची टर उडवायचे, ही का गाडी हाये, हे तर खेळणं. आता ती बंद पडूनही कैक वर्षं झाली. रूळ गवतात बुडालेत, मधे मधे तर पार गायब आहेत. मामाजींना न्यावं की नाही यावर घरात बराच खल झाला. शेवटी मीच म्हटलं, नेऊ या, भिंत सोडून काहीतरी पाहतील.

कडुनिंबाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत त्यांना बसवलं. समोर दहा पावलांवर लाइन. पलीकडे वाळायला आलेली तूर. भाऊजी शेकोटीत कणसं भाजत होते, हे ती चोळत होते, मी शेंगदाण्याची चटणी वाढत होते. बेबीबाई मोडकी टोपली दुरुस्त करत बसल्या होत्या. बूड गेलेल्या एका मोठ्या टोपल्याचं बांबूचं कडं त्यांनी सोडवून बाजूला ठेवलं होतं. मी सगळं मुद्दाम बारीक सांगतेय. वारा नव्हता. शेकोटीचा धूर सरळ वर जात होता, हे मला आठवतं, कारण मी त्याच्या बाजूला बसूनही माझ्या डोळ्यांत गेला नाही.

आधी मामाजींची मान वळली, पुलगावच्या दिशेनं. मग ते उठले. वॉकर नाही, कुणाचा हात नाही... उठले! भाऊजींच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. "वहिनी," ते हळूच म्हणाले, "काका उभे राह्यले न." मामाजींनी वाकून ते बांबूचं कडं उचललं – उजव्या हातानं. ज्या हातात सात महिने चमचा टिकला नव्हता, त्या हातानं! आणि ताठ चालत लाइनीपाशी गेले, बाजूला उभे राहिले आणि कडं खांद्याच्या वर उंच धरलं.

हे धावले त्यांना सावरायला. मी यांचा शर्ट ओढून धरला. का धरला ते मला आजही सांगता येत नाही. मी लाइनीच्या अलीकडे पोचले होते आणि माझा पाय एका रुळावर पडला. रूळ थरथरत होता. मोबाइल व्हायब्रेट होतो तसा नव्हे, खोलवरून, टाचेतून गुडघ्यापर्यंत. पाण्याच्या मोटारीची असेल म्हणून मी पाय काढून जमिनीवर ठेवला. जमीन शांत. पुन्हा रुळावर ठेवला. थरथर वाढलेली!

मग तूर वाकली. सगळी नाही हं, फक्त लाइनीलगतची एक ओळ, पुलगावच्या बाजूनं एकेक झाड करत आर्वीकडे. गरम तेलाचा वास आला. मामाजींनी हात मागं घेतला नाही. डोळे उघडे. आणि कडं गेलं.

पडलं नाही, उडालं नाही... गेलं. हातातून हिसकावल्यासारखं सुटलं, मामाजींचा हात झटक्यानं मागं फेकला गेला आणि ते कडं आडवं, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, लाइनीवरून आर्वीकडे सरळ जात राहिलं. बाभळीच्या वळणापर्यंत आम्ही चौघांनी पाहिलं. बेबीबाई हात जोडून उभ्या होत्या. मला भीती वाटायला हवी होती ना? मला इतका आनंद झाला होता की मी अक्षरशः टाळ्या वाजवत होते, बेचाळीस वर्षांची बाई!

मामाजी वळले. आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "घेतलं त्यानं."

सात महिन्यांनी. जडशी जीभ, पण शब्द स्वच्छ. हे तिथंच गवतात बसून रडायला लागले. मी मामाजींना धरून खुर्चीत बसवलं. त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

"त्या दिवशी म्या हात मागं घेतलता, वैशाली," ते म्हणाले. "इंजिन एवढं मोठं आलं, मी भ्यालो. कडं खाली पडलं. गाडी चढावर थांबली न मंग दोन घंटे हललीच नाई."

बाकीचं तुकड्यातुकड्यांनी, थांबत थांबत सांगितलं. आजेसासऱ्यांनी चौकशीत सगळं स्वतःवर घेऊन लिहून दिलं की कडं माझ्याच हातून पडलं, मी तापात होतो. त्यांची बढती अडली, बदली आणखी आडरानात झाली. बापलेक त्यावर कधी एक शब्द बोलले नाहीत. बाप गेल्यावर मामाजींनी गोष्ट उलटी सांगायला सुरुवात केली आणि मग ती तशीच सांगावी लागली, साठ वर्षं. जूनमध्ये, माझ्या चपला पायात असताना, हे सांगायचं होतं.

आता माझ्यातली फिजिक्सची बाई. वावटळ? ती आमच्याकडे उन्हाळ्यात येते, आणि ती कडं गोल फिरवेल, सरळ नेणार नाही. रुळाची थरथर? मी दुसऱ्या दिवशी जाऊन चालत पाहिलं, त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना रूळ कापून नेलेले आहेत. कुठून काही येण्याचा प्रश्नच नाही. बोलणं परत येणं, हे डॉक्टर म्हणतात की क्वचित होतं, ते मी मान्य करते. पण कडं? भाऊजींनी माणसं लावून आर्वीकडची दोन किलोमीटर लाइन, बाभळी, नाले शोधले. मिळालं नाही. ड्रायव्हर कोण होता असं मी मामाजींना विचारलं. म्हणाले, "मले फक्त हात दिसला." 

त्याच दिवशी दुपारी, तिथूनच, मी अमरावतीला कुसुमआत्यांना फोन लावला. मामाजींची धाकटी बहीण, केनियात त्यांच्याबरोबर वाढलेली. भावाचा आवाज ऐकून त्या आधी पाच मिनिटं नुसत्या रडल्या. मग मामाजींनी त्यांनाही कड्याचं सांगितलं, खालमानेनं, जसं काही चौकशीच चालू आहे. फोन स्पीकरवर होता.

आत्या म्हणाल्या, "मले माहीत हाये रे दादा. आईनं सांगलतं. बाबूजी आईले म्हणे, भ्यालं पोरगं तर काय झालं, माह्या हातून बी पयल्यांदा पडलंच होतं."

मामाजी नुसते फोनकडे पाहत राहिले. मला वाटलं, झालं, पुन्हा गेला शब्द. मग त्यांनी विचारलं, "मंग तू मले सांगलं काऊन नाई?"

"कसं सांगू?" आत्या म्हणाल्या. "तू जवा पाहावं तवा सांगे का ड्रायव्हरनं घेतलं म्हणून."